सोजी दिवाळीला येणार

राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात हेमलता शिंत्रे काचा बदलून घ्यायला गेल्या होत्या. दुकानदार चार दिवस लागतील म्हणत होता, आणि मागच्या खेपेलाही चार म्हणून दहा दिवस लावलेत, असं त्या त्याला सुनावत होत्या. तेवढ्यात बाकावर बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी उठली आणि त्यांच्यासमोर येऊन त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत उभी राहिली.

"तुम्ही मिठाच्या बेटावरच्या आज्जी ना?"

हेमाताईंचा राग तिथंच विरघळला. तीस वर्षं डबिंगमध्ये काढलेल्या बाईला चेहऱ्यावरून कुणी ओळखत नाही. आवाजावरून ओळखलं, की दिवस सार्थकी लागतो. 'मिठाचं बेट' ही बारा भागांची जपानी अ‍ॅनिमे त्यांनी चौदा महिने खपून मराठीत आणली होती. संवाद त्यांचे, दिग्दर्शन त्यांचं, आणि त्यातल्या नागी नावाच्या मुलीच्या आजीचा आवाजही त्यांचाच.

"हो गं, तीच मी."

"मग सोजी नक्की येणार ना दिवाळीला?"

"दिवाळीला? कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच की!" मुलीनं मान ताठ केली आणि हुबेहूब हेमाताईंच्या चालीत म्हणून दाखवलं, "'रडायचं न्हाई. मी सांगतो तुला, सोजी लांब शिकायला गेलाय. दिवाळीला येणार.'"

सोजी हा नागीचा मोठा भाऊ. नवव्या भागात दुसऱ्याचं पोर वाचवताना तो समुद्रात बुडतो. त्या प्रसंगात आजीच्या तोंडी काय द्यायचं यावर हेमाताईंनी अकरा दिवस घालवले होते. शेवटी लिहिलं होतं ते एवढंच : 'सोजी गेला गं. परत येणार नाही. आता मोकळं रड, मी इथंच आहे.' त्यात ना शिक्षण होतं ना दिवाळी. जपानच्या बेटावर दिवाळी येणार तरी कुठून? आणि 'मी सांगतो'? कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे खरं. त्यांची स्वतःची आई तसंच बोलायची. पण त्यांनी लिहिलेली आजी तसं बोलत नव्हती.

"इरा! इकडं ये." काउंटरपाशी उभी असलेली मुलीची आई लगबगीनं आली. तिनं मुलीचा दंड धरला, हेमाताईंची नजर टाळली आणि चष्मा न घेताच ती दुकानातून बाहेर पडली.

*

'घरबोली' नावाची पेटी काय करते, ते हेमाताईंना ठाऊक होतं. मालिकेचा घरसंच विकत घेतला की सोबत टीव्हीशेजारी ठेवायची ही चपटी पेटी येते. ती आठ दिवस घरातलं बोलणं ऐकते. आई कशी रागावते, आजोबा कुठले शब्द वापरतात, हे शिकते आणि मग पडद्यावरची पात्रं त्या घरासारखी बोलू लागतात. सावंतवाडीत मालवणी, अकोल्यात वऱ्हाडी. त्यासाठी कलाकारांचे स्वरठसे घेतलेले असतात. स्वरठसा म्हणजे आवाजाचा साचा : एकदा तो मिळाला, की त्यातून हवं ते वाक्य पाडता येतं. हेमाताईंनी स्वरठशाच्या करारावर सही केली होती, कारण बोलीभाषांना न्याय मिळेल असं त्यांना वाटलं होतं. पेटीत 'चाळण' म्हणून आणखी एक सोय होती. आईबापांनी ठरवायचं, की भुतं नकोत, मारामारी नको, शिव्या नकोत. शिव्या गाळणं त्यांना मान्य होतं. मेलेलं माणूस जिवंत होईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांनी स्टुडिओत पोचल्या पोचल्या घरसंच विकणाऱ्या कंपनीच्या निहार गद्रेला फोन लावला.

"मॅडम, तो पालकांचा पर्याय आहे," निहार म्हणाला. "मृत्यू नको असं निवडलं, की पेटी पर्यायी कथन तयार करते."

"माझ्या आवाजात?"

"पात्राच्या आवाजात."

"पात्राला गळा असतो का रे? गळा माझा आहे."

"मॅडम, ही तर घरसंचाची ताकद आहे. प्रत्येक घराला आपली वाटेल अशी गोष्ट मिळते. म्हणून तर आम्ही म्हणतो, टीव्ही-वाहिनीचा नाद सोडा. तिथं सगळ्यांना एकच वरण-भात वाढतात."

हेमाताईंनी फोन ठेवला, पण फोनवर राग काढून भागणार नव्हतं. त्या समोरच्या ध्वनिमुद्रण-कक्षाच्या काचेकडं बघत राहिल्या. अकरा दिवस शोधलेलं ते वाक्य किती घरांत पोचलं असेल? त्यांनी निहारला पुन्हा फोन करून आकडा विचारला. ती माहिती खाजगी असते, असं उत्तर आलं.

*

गेले सहा महिने त्या ही मालिका टीव्हीवर यावी म्हणून धडपडत होत्या. मुलांच्या एका मराठी वाहिनीनं अर्धवट होकार दिला होता, पण तिथली गाडी कार्यक्रम-समितीपाशी अडली होती. चष्म्याच्या दुकानातल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याच्या आत हेमाताई पुण्याला जाऊन समितीसमोर बसल्या.

अध्यक्ष वाळिंबे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, मालिकेचं मनापासून कौतुक केलं आणि मग कागद पुढं सरकवला. आजी चिलीम ओढते ते काढायचं. नागी उघड्या न्हाणीत अंघोळ करते ते काढायचं. आणि नवव्या भागात सोजी बुडतो, त्याऐवजी तो बोटीनं परगावी गेला असं दाखवता येईल का?

हेमाताईंना हसावं की रडावं कळेना. "तुम्ही सगळे मिळून त्या पोराला परगावी पाठवायला का टपलाय?"

"टीव्ही सगळ्यांच्या घरात जातो हो," वाळिंबे समजुतीच्या सुरात म्हणाले. "घरसंच ज्याचा तो विकत घेतो. आमच्याकडं उद्या एका आईची तक्रार आली, तर उत्तर मला द्यावं लागतं."

"तेच तर हवंय मला. तक्रार यावी, तुम्ही उत्तर द्यावं, भांडण व्हावं. घरसंचात कुणाचीच तक्रार येत नाही, कारण आपल्याला काय ऐकवलं नाही हे तिथं कुणाला कळतच नाही." त्यांचा आवाज चढला होता. "चिलीम कापा. अंघोळ कापा. पण कापाल ते सगळ्यांना सारखं कापा, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत दोन पोरं एकाच गोष्टीबद्दल बोलतील. आणि सोजी मरणार. तो मेला नाही, तर पुढच्या तीन भागांत ती मुलगी समुद्राकडं पाठ फिरवून का बसते, हे सांगा मला."

दोन तास वाद चालला. शेवटी चिलीम गेली, अंघोळ गेली, आणि सोजीचं मरण राहिलं, अगोदर सूचना दाखवण्याच्या अटीवर. परतीच्या गाडीत हेमाताईंना आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. पण आठ मिनिटांच्या प्रसंगासाठी दोन तास भीक मागितल्यासारखं वाटत होतं.

*

मालिका दर रविवारी सकाळी अकराला सुरू झाली. आठ भाग झाले आणि नवव्याची जाहिरात लागली, त्या गुरुवारी दुपारी चष्म्याच्या दुकानातली ती बाई स्टुडिओत आली. मोनाली चौगुले तिचं नाव. हेमाताईंनी दिलेल्या खुर्चीवर ती बसली नाही.

"ताई, नववा भाग थांबवा."

"का?"

मोनालीनं एकदा दाराकडं बघितलं, इथंही कुणी ऐकत असेल तसं. "इराला मोठा भाऊ होता. संग्राम. दीड वर्षापूर्वी मेंदूज्वरानं गेला, तीन दिवसांत. इराला आम्ही गडहिंग्लजला माझ्या भावाकडं ठेवलेलं. परत आणली तेव्हा दादा पुण्याला हॉस्टेलवर शिकायला गेला म्हणून सांगितलं. सहा वर्षांची होती ओ. तोंडातनं निघंना."

हेमाताईंनी स्टुडिओचं दार लावून घेतलं.

"पेटीत मी फक्त 'मरण नको' एवढंच निवडलो. ते दिवाळीचं मी सांगितलेलं न्हाई. ते पेटीनं आमच्याच घरातनं उचललं. मागच्या दिवाळीला दादाची परीक्षा हाय म्हणून सांगितलो. आता रोज रात्री इराला म्हणत होतो, दादा दिवाळीला येणार. पेटी ऐकत होती. पहिल्यांदा तुमच्या आवाजात ते वाक्य ऐकलो तेव्हा हातातलं भांडं खाली पडलं माझ्या. बंद करायला पाहिजे होतं. पण इरा त्या दिवशी पोटभर जेवली. मग न्हाई केलो बंद."

"आणि आता?"

"वर्गातली सगळी पोरं रविवारी बघणार. सोमवारी कुणीतरी तिला सांगणार, सोजी मेलाय म्हणून. ती हुशार हाय. एक जोडलं की दुसरं जोडंल."

हेमाताई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वाळिंबे आधीपासूनच कचरत होते. एक फोन केला असता, तर नववा भाग गळून थेट दहावा लागला असता. चौदा महिन्यांचं काम, पुण्यातले ते दोन तास आणि समोर ही बाई. गेल्या काही महिन्यांत त्यांनी ज्यांच्या ज्यांच्यावर राग काढला, त्यांतल्या एकावरचाही राग इथं लागू पडत नव्हता, आणि त्यामुळंच त्यांना जास्त चीड येत होती.

"मी नाही थांबवणार," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना कठोर वाटला. "तुझ्या घरात माझ्या तोंडून खोटं वदवलं गेलंय, ते राहू द्या म्हणून मी फोन करायचा? नाही जमणार मला."

मोनाली रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही.

"मग रविवारी आमच्या घरी या," ती म्हणाली. "तुमचाच आवाज तिला सांगणार हाय, तर तुम्ही तिच्यासमोर बसलेलं असायला पाहिजे. नुसतं पडद्यावरनं सांगून निघून जायचं न्हाई."

*

चौगुल्यांचं घर साने गुरुजी वसाहतीत होतं. वडील कामावर गेले होते की मुद्दाम बाहेर गेले होते, हेमाताईंनी विचारलं नाही. मोनालीनं पोहे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. इरा मात्र खुशीत होती. खुद्द आज्जी घरी आल्यात, हे तिनं जिन्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं.

अकराला पाच मिनिटं असताना मोनाली उठली आणि तिनं पेटीची वायर भिंतीतून काढली. पेटीवरचा हिरवा ठिपका विझला.

"आज साधं बघायचं," ती म्हणाली.

भाग सुरू झाला. वादळ आलं. मचव्यातलं पोर पाण्यात पडलं, सोजीनं उडी घेतली. इरा गुडघे छातीशी घेऊन बघत होती, मध्येच हेमाताईंकडं वळून हसत होती, पुढचं मला माहीत आहे, असं. मग किनाऱ्यावर माणसं जमली. आजी वाळूतून चालत नागीपाशी आली, खाली बसली आणि तिचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला.

'सोजी गेला गं. परत येणार नाही.'

आणि पडदा एकदम पिवळा झाला. एक बाई नाचत नाचत बिस्किटांचा पुडा फोडू लागली.

हेमाताई ताडकन उठल्या. "इथं? इथं जाहिरात?" वाळिंब्यांनी मरण ठेवलं होतं, शब्द ठेवले होते, आणि तरीही वाक्य मधोमध तोडलं होतं. मोकळं रड म्हणणारी आजी बिस्किटांच्या पलीकडं अडकून पडली होती, आणि ही पोर अलीकडं.

"आज्जी," इरा म्हणाली.

हेमाताई वळल्या. इराच्या चेहऱ्यावर अजून रडू नव्हतं. गणित चुकल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"तुम्ही तर म्हणालेलात, दिवाळीला येणार."

"मी नव्हते म्हणाले, बाळा."

"आवाज तुमचाच होता की."

"आवाज माझाच होता."

"मग बोललं कोण?"

हेमाताईंनी तोंड उघडलं. पेटी, चाळण, स्वरठसा असे शब्द होते त्यांच्याकडं, आणि एकही आठ वर्षांच्या मुलीला देण्याजोगा नव्हता. जाहिरातीतली बाई अजून नाचत होती.

मोनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढं आली आणि इराच्या शेजारी फरशीवर बसली.

"मी बोललो," ती म्हणाली. "ते वाक्य माझं हाय. पेटीनं माझ्याकडनं घेतलं."

इरा आईकडं बघत राहिली. मग तिची नजर विझलेल्या पेटीकडं गेली, तिथून पडद्याकडं आणि पुन्हा आईकडं. तिनं आईचा पदर हातात घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग दादा दिवाळीला येणार, ते कोण बोललं?"