हॅल्वर आजोबांचे गार पाय

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की लक्षात आहे, कारण फोन लावायच्या आधी मी ओव्हनवरच्या घड्याळाकडे बघत उभी होते. लावू की नको, लावू की नको... मग लावला. पुढचं सगळं त्या फोनमुळे झालं, म्हणजे माझ्यामुळे झालं, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही नॉर्थ डाकोटात राहतो. गाव एवढंसं, सिग्नल एकच. माझा नवरा जेर्विन इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. मी सातवीपर्यंत शिकले, पुढे तिकडे आमच्या देशात, गिमारास बेटावर, बापाच्या होडीवरचे मासे निवडत बसले. जेर्विन आमच्याच बेटावरचा, पण त्याची गोष्ट वेगळी. इथल्या नर्सची परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. त्याच्यासोबत तिकडून सातजण बसले होते, त्यातला तो एकटा. कामाचे पांढरे बूट तो रोज स्वतः पुसतो, मला हात लावू देत नाही. वृद्धाश्रमाच्या भिंतीवर महिन्याच्या चांगल्या कामगाराचा फोटो लावतात, तिथे तो तीनदा लागला आहे. मी फोटोचा फोटो काढून सासूबाईंना पाठवला, तर त्यांनी तो अख्ख्या गल्लीला दाखवला.

त्या वृद्धाश्रमात हॅल्वर नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. नव्वदीचे. पहिल्या दिवशी त्यांनी जेर्विनला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाले, हा कोण पोरगा, मला आपल्याकडची बाई पाठवा. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालेना. जेर्विनला ते मनिला म्हणायचे. हा सांगायचा, आजोबा, मी मनिलाचा नाही हो, तिथून बोटीनं एक दिवस लागतो. ते म्हणायचे, असू दे, मला तेवढंच नाव पाठ होतंय.

त्यांचे पाय कायम गार असायचे. तरुणपणी बर्फात ट्रॅक्टर अडकून रात्रभर बाहेर राहिले होते, तेव्हापासून पायांत ऊब आली नाही म्हणायचे. रोज दुपारी जेर्विन त्यांच्या पायांना कापराचं मलम चोळायचा. काम संपलं तरी पाच मिनिटं जास्त. डोळे मिटून ते म्हणायचे, मनिला, तुझे हात म्हणजे शेगडी आहे बघ.

जानेवारीत ते गेले. त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं की माझी शवपेटी सहाजणांनी उचलायची. चार नातू, एक शेजारी आणि सहावा जेर्विन माग्बानुआ. चर्चमध्ये वाटलेल्या पत्रकावर त्याचं नाव बरोबर छापलं होतं, एक अक्षर चुकलं नव्हतं. या गावात शंभर वर्षं सगळे गोरेच पेटी उचलत आलेत. त्यांच्यात माझा नवरा, काळा सूट घालून. सूट मी इस्त्री केला होता.

आता आमची एक रीत सांगायला हवी. मयताहून आमच्यात कुणी सरळ घरी येत नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, दुकानात म्हणा, हॉटेलात म्हणा, काहीतरी खायचं-प्यायचं, अंग झटकायचं, मग घर. मागे कुणी आलं असेल तर ते तिथल्या माणसांत घोटाळतं आणि वाट चुकतं. जेर्विन हसतो या गोष्टीला, पण पाळतो. सकाळी मी तीनदा बजावलं होतं, पंपावरच्या दुकानात थांब, कॉफी पी. तो म्हणाला, बाई, पिईन, दोन कप पिईन, आता टाय तरी बांधू दे.

आणि दुपारी लिगायाला ताप भरला. लिगाया आमची मुलगी, नऊ महिन्यांची. मी आधीच घाबरट. ती झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघते, दिवसातून वीसदा. ताप एकशे दोन झाला आणि मी जेर्विनला फोन लावला. म्हणाले, थांबू नकोस कुठे, सरळ घरी ये. माझ्याच तोंडचे शब्द.

पंचवीस मिनिटांत तो आला. बाहेर बर्फाचा भुगा आडवा उडायला लागला होता. त्याने दार उघडलं, आत आला, आणि दार तसंच धरून उभा राहिला... मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं. वृद्धाश्रमात सवयच असते त्याला. मी म्हटलं, लाव ना, पोर गारठेल. तो दचकला आणि त्याने दार लावलं.

पाळणा स्वयंपाकघरात होता, तिथे हीटर जवळ. त्याने हात धुतले, लिगायाला तपासलं, औषध पाजलं. अर्ध्या तासात ताप उतरला, अठ्ठ्याण्णव झाला. मला एवढं बरं वाटलं की मी तांदूळ धुवायला घेतले.

पुन्हा बघितलं तर सत्त्याण्णव. मग शहाण्णव.

जेर्विनने थर्मामीटर झटकला, दुसऱ्या काखेत लावला. पंच्याण्णव. त्याने सदरा काढला, तिला उघड्या छातीशी धरलं, वरून दोन रजया घेतल्या. अँब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, हायवे बंद केलाय, बर्फ काढणारी गाडी पुढे गेल्याशिवाय निघता येणार नाही, एक तास लागेल, कदाचित दोन. मोठं हॉस्पिटल साठ मैलांवर. तो त्यांच्याशी शांतपणे बोलत होता, आकडे सांगत होता, पण त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर फिरत होता, आणि तो अंगठा मी बघत होते.

मी तिच्या पायाला हात लावला. अंग गार होतं, पण पाय... पाय बर्फातून काढलेल्या माशासारखे. आणि सरळ ताणलेले, जेर्विनच्या छातीपासून लांब, पाळण्याकडे. तान्ही पोरं पाय पोटाशी घेतात. हिचे तळवे समोर हवेतच टेकले होते, जसे कुणी आपले तळवे तिच्या तळव्यांना लावून बसलंय.

पाळण्याजवळ एक खुर्ची होती. जेवणाच्या टेबलाची. मी ती तिथे ओढली नव्हती. जेर्विन घरात आल्यापासून उभाच होता.

मग वास आला. कापराचा. आमच्या घरात ते मलम नाही.

मी सासूबाईंना फोन लावला. तिकडे पहाट होती. त्यांनी ताप किती, औषध काय, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, मयताहून तो कुठे थांबला होता? मी म्हटलं, कुठेच नाही, मीच सरळ घरी बोलावलं.  मग त्या हळूच म्हणाल्या, "ज्याला घेऊन आलाय, त्याला बाहेर काढायला सांग. आरडाओरड करू नका. मेलेल्या माणसाला कळत नाही आपण कुणाचं काय घेतोय ते."

जेर्विनने ऐकलं. मला वाटलं, हसेल. त्याने लिगायाला माझ्या छातीशी दिलं, माझ्या झग्याच्या आत, आणि खुर्चीकडे बघत राहिला. बाहेरचा वारा घराच्या कडेने घासत होता. हीटर धडधडत होता, तरी माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

मग तो बोलला. मी त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. घरी तो माझ्याशी, पोरीशी, आईशी बोलतो, तो आवाज वेगळा. हा त्याचा कामावरचा आवाज होता. खालचा, सावकाश, पक्का.

"आजोबा, मी जेर्विन. तुमचा मनिला. पाय गार पडलेत ना?"

हीटर एकदम बंद पडला. शांत... इतकं शांत, की खुर्चीचं लाकूड कुरकुरलेलं मला ऐकू आलं. कुणी बसल्या बसल्या पुढे वाकतं, तसं.

"ती लहान आहे, आजोबा. तिच्याकडे तेवढी ऊब नाही. माझ्याकडे आहे. इकडे द्या पाय."

तो खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. अंगावर फक्त सूटची पँट, पाठ उघडी. हात पुढे केले आणि चोळायला लागला. मी देवाशपथ सांगते, त्याचे तळहात एकमेकांना लागत नव्हते. मध्ये काहीतरी होतं, टाचेएवढं रुंद. तो घोट्यापासून बोटांपर्यंत यायचा, बोटं एकेक करून चोळायचा, मग दुसरा पाय. त्याच्या बोटांची नखं निळी पडत गेली. पाठीवर काटा उभा राहिलेला मला दिसत होता, पण हात थांबला नाही. मध्येच म्हणाला, नातवांनी पेटी चांगली धरली होती आजोबा, एकदाही हिंदकळली नाही. असं काहीबाही, कामावर बोलत असेल तसं.

माझ्या छातीशी लिगायाने पाय आक्रसले. पोटाशी घेतले.

मी पुटपुटले, आता पंपावर घेऊन जा, तिथे सोड. तो माझ्याकडे न वळता म्हणाला, "पंपावर नाही सोडणार. माझा पेशंट आहे तो."

उठला, अंगात कोट घातला. एक हात कोपरात वाकवून पुढे धरला, म्हाताऱ्यांना धरायला देतात तसा. पाऊल, थांबणं, पाऊल, थांबणं. स्वयंपाकघरातून दारापर्यंत आठ पावलं आहेत, त्याला पाच मिनिटं लागली. मी भिंतीला चिकटून उभी. जाताना माझ्या पायावरून गारवा सरकत गेला. त्याने गाडीचं पुढचं दार उघडलं, वाकून पट्टा लावला. रिकाम्या जागेवर पट्टा फुगलेला राहिला.

थंडीत जमीन दगडासारखी असते, म्हणून इथे वसंतापर्यंत पेट्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात. हॅल्वर आजोबांचीही तिथेच होती, गावाबाहेर चार मैल. अशा वादळात पुढचा रस्ता दिसत नाही, माणसं गाडीतच गोठून मरतात. मी त्याला जाऊ दिलं. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्यात फोन. शहाण्णव. पाच वाजता सत्त्याण्णव. साडेपाचला ती रडली, चांगली कडकडून रडली, आणि दूध प्यायली. अँब्युलन्स पावणेसहाला आली, त्यांनी तपासलं, म्हणाले, बाई, मूल तर ठणठणीत आहे.

सव्वासहाला जेर्विन आला. मी विचारायच्या आत म्हणाला, पंपावर थांबलो होतो, कॉफी प्यायलो, दोन कप. त्याच्या बोटांची टोकं आठवडाभर बधिर होती. दगडी खोलीच्या दाराशी काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आत जाताना त्यांनी माझा हात दाबला."

मोठमोठे डॉक्टर असतील इथे. मेलेल्या माणसाची शुश्रूषा करून त्याला जागेवर पोचवून आलेला माझा नवरा आहे. हे मी माझ्या मुलीला सांगणार आहे, ती समजण्याइतकी मोठी झाली की.

दुसऱ्या दिवशी वादळ निवळलं. सकाळी ऊन होतं, डोळ्यांत घुसणारं. जेर्विनला कामावर जायचं होतं. मी दार उघडलं.

पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत नवा बर्फ, कोरा, त्याच्यावर येतानाची एकही खूण नाही. पण अगदी दाराशी, ओट्यावर, पावलं उमटलेली. बुटांची नव्हेत. वृद्धाश्रमात घसरू नये म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे देतात, त्यांची. ठिपके स्वच्छ दिसत होते. एक जोडी मोठी. तिच्यामागे एक अगदी छोटी. मग एक, जिच्या दोन्ही बाजूंना वॉकरच्या पायांची भोकं. अशा नऊ जोड्या, एकामागे एक, तोंडं आमच्या दाराकडे. ढकलाढकल नाही. नंबर लावून उभे असल्यासारख्या.

जेर्विनने वाकून एकेक जोडी बघितली. मग म्हणाला, वॉकरवाल्या बाई ऑक्टोबरात गेल्या. त्यांच्या मयताला तर मी गेलोच नव्हतो.

त्याने बूट घातले, पावलांवर पाय पडणार नाही असा कडेकडेने उतरला, आणि कामावर गेला.

तर तुमच्या घरातलं कुणी परदेशात असं काम करत असेल, नवरा, बहीण, लेक, तर त्यांना हे सांगा. मयताहून सरळ घरी येऊ नये, एकाला वाट कळली की बाकीच्यांनाही कळते. आणि घरी असणाऱ्या बायकांना माझं नाव घेऊन सांगा, रोवेनाने सांगितलंय म्हणावं. कितीही घाबरलात तरी त्यांना सरळ घरी बोलावू नका. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यापर्यंत पोचवा. आमच्या ओट्यावर आज सकाळी दहा जोड्या होत्या.