वजन नसलेली पट्टी

"मृणू, जिला वजन नाही अशी वस्तू कुणाला जड होऊ शकते का गं?" आजोबांनी शेंगा सोलता सोलता विचारलं.

"छे! वजनच नाही म्हटल्यावर जड कशी होईल?" असं म्हणून मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं. आजोबा कोडं घालतात तेव्हा त्यांना उत्तराची मुळीच घाई नसते. मला मात्र त्या दिवसांत फार घाई होती.

ही गोष्ट २०७१ सालची. हर्णैच्या आमच्या शाळेत सगळी मुलं 'पाटी'वर लिहितात. पाटी म्हणजे आमची लेखन-आज्ञावली (संगणकावर मजकूर लिहायची, खोडायची, जुळवायची सोय). ती शाळेतल्याच मुलांनी पूर्वी बनवली आणि आता टाचण्या नावाचा यंत्रमानव तिची काळजी घेतो. पाटीत काही नवं हवं असेल तर कुणीही सुचवावं. ते आठवडाभर सगळ्यांच्या पडद्यावर राहतं आणि शनिवारच्या सभेत ठेवायचं की काढायचं ते ठरतं.

शाळेच्या अंकासाठी मी नव्वद पानांची कादंबरी लिहीत होते. हो, नव्वद. हसू नका. मागचं काही तपासायला वर गेले, की मी कुठे लिहीत होते तेच मला सापडायचं नाही. रोजचा अर्धा तास शोधाशोधीत जायचा, आणि अंकाची मुदत दहा दिवसांवर आली होती. म्हणून मी नकाशापट्टी सुचवली. पडद्याच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी, तिच्यात अख्ख्या मजकुराचं चिमुकलं चित्र. हवं तिथे बोट ठेवा, की पोचलात!

टाचण्याने पहिल्या दिवशी काय करावं? सगळ्यांच्या पडद्यांच्या कडेला खाकी कागदाची नुसती पट्टी चिकटवून ठेवली.

"अरे, ही तर काहीच करत नाही!" मी म्हणाले.

"बरोबर. ती घेते काय ते आज बघा. देते काय ते उद्यापासून."

मी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी खरी पट्टी आली, आणि शुक्रवारी टाचण्याने नजरमोजणी दाखवली (डोळे पडद्यावर कुठे कितीदा वळले याची नोंद). एकसष्ट मुलांनी मिळून पट्टीकडे ४,३१२ वेळा पाहिलं होतं! मी उड्या मारतच घरी आले.

आजोबांनी नोकरीत असताना अवकाशयानांचे नियंत्रण-फलक (चालकापुढची दिव्यांची आणि बटणांची मांडणी) आखले होते. ते शांतपणे म्हणाले, "ताटाभोवती माशी फिरली, तर तिच्याकडेही सगळे बघतात. पाहिलं म्हणजे ती कामाला आली असं थोडंच आहे? पाहिल्यावर पट्टीवर बोट किती वेळा ठेवलं गेलं, ते विचार."

मी लगेच टाचण्याला विचारलं.

"दोनशे सात वेळा," पडद्यावरून त्याचा आवाज आला. "त्यातल्या एकशे एकाहत्तर वेळा तू."

माझं तोंड एवढंसं झालं.

"अजून एक नोंद आहे," टाचण्या म्हणाला. "नाझनीन परकार. पट्टीकडे पाहिलं शून्य वेळा. या आठवड्यात लिहिलेल्या ओळी तीन."

नाझनीन वर्गात माझ्या शेजारी बसते. तिला कमी दिसतं, म्हणून ती अक्षरं मोठ्ठी करून, पडद्याला नाक लावून लिहिते. मी तडक तिच्या घरी गेले.

"आधी एका ओळीत सोळा अक्षरं मावायची, आता बाराच मावतात," ती म्हणाली. "शब्द मोडून खाली जातो. मग मी ओळ दोनदा वाचते, आणि पुढे काय लिहायचं होतं तेच विसरून जाते."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुझी एवढी हौस होती ना! माझं काय, मी पुढच्या वर्षीच्या अंकात देईन."

ती खाडीतल्या कालवांवर (खडकांना चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांवर) लेख लिहीत होती. त्यासाठी चार महिने आईबरोबर ओहोटीला खडकांवर जाऊन तिने टिपणं काढली होती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

घरी येऊन मी आजोबांसमोर धपकन बसले. "होऊ शकते जड. पट्टीला वजन नाही, पण ती जागा खाते, लक्ष खाते. आणि उपयोग माझा, तर भार नाझनीनला!"

"सुटलं की कोडं!"

"पण आता माझ्या कादंबरीचं काय?"

"तुला पट्टीच हवी होती का? नीट आठव."

"नाही. मला फक्त जिथे होते तिथे परत यायचं होतं."

"मग तेवढंच माग."

संध्याकाळी टाचण्याने आणि मी 'परतखूण' जुळवली. दोन कळा एकदम दाबल्या, की जिथे शेवटचं अक्षर लिहिलं तिथे परत. पडद्यावर काहीच दिसत नाही.

"म्हणजे हिचा भार शून्य!" मी म्हणाले.

"शून्य नाही," टाचण्या म्हणाला. "दोन कळा अडकल्या, आणि त्या कुठल्या ते लक्षात ठेवावं लागणार. पण ज्याला ती वापरायची त्यानेच लक्षात ठेवायचं. म्हणून चालेल."

शनिवारच्या सभेत पट्टी काढा असं सांगायला मीच उभी राहिले. मुलं चकित झाली. पट्टी गेली आणि परतखूण आली, तीही आठवडाभराच्या बोलीवर.

आठवड्याने टाचण्याने आकडे दाखवले. परतखूण सगळ्यांत जास्त वापरली होती नाझनीनने! माझ्या दुप्पट.

"माझ्या पडद्यावर एका वेळी चारच ओळी दिसतात गं," ती म्हणाली. "मी तर रोज हरवायचे. मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांचा दोष. याला काही उपाय मागता येतो हे डोक्यातच आलं नव्हतं."

अंकात माझी कादंबरी आली, नुसती जागा खाणारी पानं मीच काढल्यावर नव्वदची साठ होऊन. तिच्या आधी, पहिल्याच पानावर, नाझनीनची कालवं होती.

परवा ती हळूच म्हणाली, "मृण्मयी, पाटीत अजून एक गोष्ट हवी होती. सांगू?"

"थांब," मी म्हणाले, आणि खाकी कागद आणायला धावले.