बारावी फळी

कडुनिंबाचा पाला आणि करंजाची पेंड उकळून केलेला काढा बाईंनी बादलीत गाळला, ब्रश बुडवला आणि हस्तकलेच्या खोलीतल्या पहिल्या फळीवर फिरवला. जमीन सगळी लाकडी, आणि खालून ओल धरलेली.

"फळ्यांना काढा?" दारातून सुतार म्हणाला. "सर्दी झालीय वाटतं." तो बाईंचाच जुना विद्यार्थी. चेष्टा करायचा हक्क त्याने कमावला होता.

"बुरशी झालीय. सर्दीपेक्षा चिवट."

"उखडा आणि जाळा, बाई. हेडसर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बघायला येणार. एक पांढरा डाग दिसला तरी खोलीला कुलूप."

"मग मुलं रंधा कुठे मारणार? तुझ्या डोक्यावर?"

फळ्या बावीस. बाईंनी प्रत्येकीवर खडूने आकडा घातला आणि बारावीला काढा न लावता ती कोरी ठेवली. तुलनेला काही राखल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही ते कळत नाही, असं तीस वर्षं मुलांना शिकवलेलं. तो नियम आता मोडतील कशा?

आठवड्यात एकवीस फळ्या ठणठणीत. ठोकल्या की खणखण वाजत. सगळी बुरशी बारावीवर गोळा झाली. इथवर सारं नियमात होतं.

मग पांढऱ्या तंतूंनी खडूचा बारा गिरवला. शेजारी आणखी एक बारा काढला, पण दोनाची शेपटी डावीकडे.

"शेपटी उजवीकडे," बाई सवयीने पुटपुटल्या. पहिलीतली मुलं हीच चूक करतात.

दुसऱ्या दिवशी शेपटी उजवीकडे होती.

 बाईंच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

"शिकायचं तर शीक," त्या फळीला म्हणाल्या, "पण माझ्या मुलांची खोली तुला मिळायची नाही." आणि त्यांनी बाराव्या फळीवर काढ्याचे दोन हात चढवले.

त्या शुक्रवारी हेडसरांनी वाकवाकून पाहिलं. डाग नव्हता. खोली राहिली.

ते गेल्यावर बाई सुताराला म्हणाल्या, "बारावी उचल. खालच्या अंगाला काढा लावायचा राहिलाय."

सुताराने ती उपसली. फळी खालूनही कोरडी, स्वच्छ.

तिच्याखाली नुसती माती. बुरशीला खायला लाकडाची ढलपीसुद्धा नाही.

मातीवर पांढऱ्या तंतूंत एक नाव लिहिलेलं. अक्षर वळणदार.

ते बाईंचं पाळण्यातलं नाव होतं. ते ठाऊक असलेलं कुणी आता हयात नव्हतं.

"मला भिववतेस होय?" बाई म्हणाल्या, आणि उरलेली बादली त्यावर उपडी केली.

काढा मुरला. अक्षरं हलली नाहीत.

सुतार गुडघ्यांवर बसून त्याच अक्षरांकडे पाहत होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "इथे माझं नाव कुणी लिहिलं?"