सहा हात

धामणखेडच्या नळांना स्वच्छ पाणी आलं आणि बेचाळिसाव्या दिवशी पहिला माणूस गेला. ते सरपंच इंदुमती घोडमारे यांचे पती. आधी थकवा आला, मग धाप लागू लागली, शेवटी ओठ पांढरेफटक पडले. महिन्याभरात त्याच लक्षणांनी आणखी अकरा जण गेले.

हे पाणी इंदुमतीबाईंनीच आणलं होतं. गावाशेजारी जुन्या बॅटऱ्यांचे ढिगारे होते. त्यांतला कोबाल्ट हा विषारी धातू झिरपून विहिरींत उतरला होता. नऊ वर्षं सरकारदरबारी खेटे घातल्यावर लांबच्या धरणातून जलवाहिनी आली. आता लोक म्हणू लागले की नव्या पाण्यातच विष आहे. बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी डॉ. नलिनी वझलवारांना बोलावून घेतलं.

नलिनीबाई रसायनशास्त्रज्ञ. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच साऱ्या गावाला ‘षट्कर’ टोचलं होतं; पुढे जन्मलेल्यांना आणि सुना होऊन आलेल्यांनाही ते टोचलं जाई. धातूच्या अणूला बिलगून त्याला धरून ठेवणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. षट्कर हा सहा हातांचा लिगंड. एकदा टोचलं की माणसाचं यकृतच तो जन्मभर बनवत राही. रक्तात कोबाल्ट आला की सहाही हात त्याच्याभोवती आवळले जात आणि ती जोडी लघवीवाटे बाहेर पडे. विहिरीचं पाणी पिऊनही गाव जगलं होतं ते त्याच्यामुळे.

नलिनीबाईंनी दोन दिवस पाणी तपासलं, आजाऱ्यांचं रक्त तपासलं. मग त्या इंदुमतीबाईंच्या ओसरीवर येऊन बसल्या. पाण्यात काही दोष नाही, म्हणाल्या.

“मग माणसं कशानं जातात?”

“पाण्यात आता कोबाल्ट नाही. षट्करचे हात रिकामे राहिलेत. लोहाचा अणू मापानं कोबाल्टच्या जवळचा आहे. ते हात रक्ताला लागणारं लोह उचलतायत.”

लोहाची इंजेक्शनं देऊन पाहू, असं इंदुमतीबाईंनी सुचवलं. जेवढं देऊ तेवढं षट्कर बाहेर नेईल, असं उत्तर मिळालं. यकृताला शिकवलेलं विसरायला लावता येत नव्हतं. उपाय एकच होता. षट्करला रोज कोबाल्ट द्यायचा.

“डॉक्टर, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”



“होतं. पण इथलं पाणी कधी स्वच्छ होईल, असं मला वाटलं नव्हतं.”

इंदुमतीबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरोघर कोबाल्टच्या बाटल्या वाटल्या. रोज मोजून वीस थेंब. लोक हळूहळू सावरले.

त्यांची सून वैजयंता मात्र थेंब घेईना. तिला सातवा महिना होता. आपल्या अंगात षट्कर आहे, पण पोटातल्या बाळाच्या अंगात नाही, हे तिला समजलं होतं. षट्करने पकडायच्या आधीच थोडा कोबाल्ट नाळेतून बाळापर्यंत जाणार होता. ती दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. जिना चढताना मध्येच बसू लागली.

नलिनीबाईंनी तिच्यापासून काहीच लपवलं नाही. थेंब घेतले नाहीत तर बाळंतपणापर्यंत ती टिकणार नव्हती, मग बाळही नाही. घेतले तर अंगात उतरलेला कोबाल्ट काढायला जन्मताच बाळाला षट्कर टोचावं लागणार होतं, आणि मग त्यालाही आयुष्यभर थेंब.

“आई, तुम्ही सांगा,” वैजयंता सासूला म्हणाली.

इंदुमतीबाईंनी बाटली उघडली, वीस थेंब मोजले आणि वाटी तिच्या ओठांशी धरली.

मुलगी झाली. पहिल्याच तासात तिला सुई टोचली. नलिनीबाईंनी सांगितलं होतं, चौथ्या दिवशी हात तयार होतील. चौथ्या दिवशी सकाळी इंदुमतीबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, करंगळी कोबाल्टच्या पाण्यात बुडवली आणि मध चाटवावा तशी तिच्या ओठांवर टेकवली. पोरीने क्षणभर तोंड वाकडं केलं. मग ती करंगळी चोखू लागली.