भांडं रिकामं देत नाहीत

लग्नाला गेलेल्या खुर्च्या परत आल्या की त्यांच्याकडे पाहून यजमान कसा होता ते मी सांगू शकतो. मोडकी खुर्ची थप्पीत खाली लपवणारा वेगळा आणि 'ही आमच्याकडून मोडली' म्हणून वर ठेवणारा वेगळा. दुसरा मला उभ्या आयुष्यात एकदाच भेटला, आणि त्याची खुर्ची आधीच मोडकी होती. बुलढाण्यात माझं मंडप आणि भांड्यांचं दुकान आहे. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी लाल रंगात 'द.मं.' लिहिलेलं असतं. दयाराम मंडप.

संक्रांत आटोपल्यावर पुण्याहून दीपक नावाचा दिग्दर्शक आला. मालिका काढत होता. आजचा एक इन्स्पेक्टर जीपसकट एकोणीसशे शहाऐंशीत जाऊन पडतो आणि तिथले गुन्हे उकलतो. त्याला त्या काळची चौकी हवी होती आणि चौकीत त्या काळचं सामान. डायलचा काळा फोन, कंदील, टाइपरायटर, कडीचा स्टीलचा डबा. माझ्या माळ्यावर हे सगळं होतंच. बायको वीस वर्षं ते भंगारात घाला म्हणत होती; आता ती चहा घेऊन आली आणि पदरानं टाइपरायटरवरची धूळ पुसू लागली.

देऊळघाट ओलांडून धाडकडे जाताना एक फाटा लागतो. मी मूळचा तिथला. नाव लिहीत नाही, कारण तिथली लग्नं अजून माझ्याकडे येतात. फाट्यावर एक जुनी कौलारू चौकी आहे, कित्येक वर्षं कुलुपात पडलेली. पुढे खोली, मागे कोठडी. कोठडीला खिडकी नाही. वर हाताएवढा झरोका आणि समोर गजांचं दार. एकच दार.

चौकी पूर्वी कशी चालायची हे सांगायला दीपकनं रंगराव जमादारांना आणलं. रिटायर माणूस, मिशा रंगवलेल्या, अंगाला अत्तर. शहाऐंशीत ते याच चौकीत शिपाई होते. हातांची खुर्ची मी एकच आणली होती, ती त्यांनी पहिल्याच दिवशी बळकावली. युनिटमधली पोरंपोरी त्यांच्याभोवती बसत आणि ते काठी कुठं टांगत, सायकल कुठं टेकवत ते दाखवत.

"तवा लोक पोलीसले भेत व्हते," ते म्हणायचे. "आता व्हिडिओ काढून राह्यले."

"किती गोड, काका," एखादी पोरगी म्हणायची.

जेवणाचं काम महामायाच्या बचत गटाकडे होतं. महामाया आणि मी एका वर्गात होतो. ते काम तिनं मागून घेतलं. काऊन, ते मी विचारलं नाही. फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा थोरला भाऊ प्रसेनजित. मॅट्रिक झालेला त्यांच्या घरातला पहिला. गुलाबरावांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली म्हणून शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी महामाया, सहावीतली पोर, त्याच्यासाठी डबा घेऊन गेली. रंगरावांनी डबा दारातच घेतला आणि तिला घालवून दिलं. आतून भावानं तिला हाक मारली, ती तिनं ऐकली. संध्याकाळी पोलिसांनी सांगितलं की पोरगा सकाळीच कौलं काढून पळाला. दुपारी डबा घेऊन कोणी आलंच नव्हतं, हे रंगरावांनी वरच्या साहेबांना लिहून दिलं.

मोटर पुढे सापडली. दुरुस्तीला दिली होती, गुलाबराव विसरले होते. मोटर परत आली. प्रसेनजित आला नाही.

त्याची आई मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावत नसे. महामायाला गावात 'फरारची बहीण' म्हणत. भाऊ पळाला नव्हता, एवढंच तिला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. पोलिसांना तिनं खूण सांगितली होती: पांढरा सदरा, त्याचं एक बटण आईनं लाल दोऱ्यानं लावलेलं, कारण घरात पांढरा दोरा संपला होता. ती खूण कोणी लिहून घेतली नाही.

शूटिंगच्या आदल्या दिवशी पेंटर भागवतनं कोठडीला हिरवा ऑइलपेंट मारला. दीपकनं तो रंग कागदावर पसंत केला होता. सकाळी आम्ही कुलूप काढलं तर भिंती निळसर पांढऱ्या होत्या. नीळ घातलेला चुना. आमच्या लहानपणी सगळी घरं त्याच रंगाची असायची.

"मी नाही केलं हो," भागवत म्हणाला. "नीळ आता भेटते तरी कुठं?"

मी बोट लावून पाहिलं. चुना ओला होता, आणि खोलीभर त्याचा तो गार, घशात बसणारा वास.

"भारी," दीपक म्हणाला. "हेच ठेवू. एकदम रेट्रो."

रंगराव दारात उभे होते. "असाच व्हता," ते म्हणाले. "मीच मारून घेतला व्हता. त्याच..." मग त्यांना चहाची आठवण झाली.

पहिल्या दिवशी कोठडीतल्या कैद्याचं काम करणारा नट चिडून बाहेर आला. आत आधीच एक जण बसलाय, त्याला हलवा, म्हणाला. दीपकला वाटलं मी गावातला कोणी बसवला. मला वाटलं दीपकनं. आत जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. कोपऱ्यात भिंतीचा चुना पाठीएवढा पुसला गेला होता.

जेवणाला रोज एक ताट कमी पडू लागलं. महामाया माणसं मोजून ताटं मांडायची, मी माझी ताटं मोजून द्यायचो, आणि शेवटी एक माणूस हात धुऊन उभाच राहायचा. माझी ताटं परत येताना बरोबर भरत. म्हणजे ताट कुठं जात नव्हतं. जेवणारा वाढत होता. दोन दिवस मी तिला टोमणे मारले. मग एकदा पाहिलं की ती मुद्दामच एक ताट कोठडीच्या गजांसमोर नेऊन ठेवते, आणि उचलते तेव्हा ते स्वच्छ असतं. त्यानंतर मी एक ताट जास्तीचं मोजून देऊ लागलो.

चौथ्या दिवशी पंगतीत रंगराव खुलले. पानात जवसाची चटणी होती. ती बोटानं चाटत त्यांनी दीपकला सांगितलं, "अशी चटणी म्या एकदाच खाल्ली. इथंच. एका चोट्ट्याचा डबा आला व्हता घरून. म्या गजासमोरच मांडी घातली अन् खाल्ला. थो आतून म्हणे, साहेब, एक घास तरी. म्या डबा बोटानं पुसून काढला, त्याले दाखवला. पाह्य बे, म्हटलं, लख्ख."

युनिटमधली दोन पोरं हसली. दीपकचे डोळे चमकले. "काका, हा तर सीन आहे."

महामाया वाढत होती. तिच्या हातातला डाव पातेल्यात गेला आणि तिथंच राहिला.

"डबा कवा आला व्हता, जमादार?" तिनं विचारलं.

"दुपारच्याले," रंगराव म्हणाले. आणि मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"पोरगा सकाळीच पळाला ना, तुमच्या कागदात?"

इतकी वर्षं या माणसाच्या घरची लग्नं मी केली होती, त्याला वाकून रामराम केला होता.

"जुन्या गोष्टी काऊन उकरतं बाई," रंगराव म्हणाले.

"उकरत नाही. माहा डबा द्या. मामानं देल्ला व्हता, नाव कोरून. आमच्यात दुसऱ्याचं भांडं ठेवून घेत नाहीत, अन् रिकामं परत देत नाहीत. साखरेची चिमूट तरी घालतेत."

रंगरावांनी हात धुतले, मिशी पुसली आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "भेटंन तवा देतो बुवा. भरून देतो. झालं?"

"झालं," महामाया म्हणाली.

दीपकला यातलं काही कळलं नाही, की कळूनही सीन सोडवेना, देव जाणे. त्यानं दुसऱ्याच दिवशी तो सीन लावला, आणि नटापेक्षा काकाच करतील म्हणाला. रंगरावांनी आधी नाही म्हटलं. मग पेटीतून खाकी काढून अंगाला लावून पाहिली आणि आरशासमोर उभे राहिले. माझ्या आरशात मी पुष्कळ नवरदेव पाहिलेत. तसे दिसत होते.

डबा माझाच दिला. बुडाशी द.मं. होतं, ते कॅमेऱ्यात येणार नाही असा धरायचा होता.

दुपारचं ऊन होतं. महामाया चुलीकडे न जाता माझ्याजवळ उभी राहिली. दीपकला गजांआडून त्यांचा चेहरा हवा होता, म्हणून रंगराव डबा घेऊन एकटेच कोठडीत गेले. भागवतनं बाहेरून गजाचं दार लावलं. दिव्यांमुळे आतलं काही दिसेना, म्हणून आम्ही सगळे दीपकच्या पडद्याकडे पाहत होतो.

पडद्यावर रंगराव उकिडवे बसले. डबा उघडला. बोट फिरवलं.

"साहेब," आतून एक कोवळा आवाज आला. "एक घास तरी."

"हा डायलॉग कोणी दिला?" दीपक कुजबुजला. कैद्याचं काम करणारा नट तर आमच्या मागेच उभा होता.

रंगरावांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागे कोणी उरलं नाही. ते कोपऱ्याकडे पाहत होते.

"तू," ते म्हणाले. "तुले तं म्या..."

महामायानं माझं मनगट धरलं.

पडद्यावर भिंत होती.

नुसती भिंत. निळी, ओली.

"कट," दीपक म्हणाला. कोणी बाहेर आलं नाही.

भागवतनं दार उघडलं. तोवर बाहेरची कडी तशीच लागलेली होती. झरोक्याला कोळ्याचं जाळं होतं. कौलं जागच्या जागी.

जमिनीवर एक डबा होता.

मी उचलला. गरम होता. बुडाशी द.मं. नव्हतं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'चि. प्रसेनजित, मॅट्रिक पास, मामाकडून.'

मी तो महामायाला दिला. तिनं झाकण काढलं.

आत ओल्या, निळ्या चुन्याचा गोळा होता. त्यात रुतलेलं एक पांढरं बटण. बटणाला लाल दोरा.

ती रडली नाही. झाकण लावलं, पदरात डबा घेतला.

"पाह्य दयाराम," ती म्हणाली. "भांडं रिकामं नाही आलं."

पोलीस आले. सगळ्यांचे जबाब घेतले. शेवटी काय लिहिलं ते मी वाचलं: सदर इसम कोणास न सांगता निघून गेला. मी हसलो तेव्हा जबाब घेणारा हवालदार माझ्यावर डाफरला. महामायानं बटण दाखवून भिंत खोदा म्हणून अर्ज दिला. वरून आदेश येऊ द्या, म्हणाले. मोटरीसाठी आदेश लागला नव्हता.

दीपकचं युनिट त्याच आठवड्यात गेलं. मी सामान न्यायला फाट्यावर गेलो. महामाया सोबत आली. फोन, कंदील, टाइपरायटर, सगळं मिळालं. हातांची खुर्चीही धड होती. फक्त माझा एक डबा कमी.

कोठडीला सील होतं. दार बंद, कडी, वर लाख.

डबा गजांच्या खालच्या फटीतून बाहेर सरकवलेला होता. मी वाकून बूड पाहिलं. द.मं. आत काही नव्हतं. इतका लख्ख की त्यात मला माझं तोंड दिसलं.

महामायाच्या पिशवीत भाकरी होत्या. वास येत होता. मी तिच्याकडे पाहिलं.

तिनं पिशवीचं तोंड आवळलं. मग चप्पल न काढता पायानं तो फटीतून आत सरकवला.

"तुह्या डब्याचे पैसे मी भरून देईन, दयाराम," ती म्हणाली.

आम्ही पायऱ्या उतरलो. मागे कोठडीत कोणीतरी रिकाम्या डब्यात बोट फिरवू लागलं. गोल, सावकाश, नख लागेपर्यंत.