तिन्हीसांजेचं विरजण

"ताजं विरजण लावू का?" संगणकानं सकाळी सकाळी विचारलं. प्रमिलाताई डुबलांनी रोजच्यासारखं 'नंतर' या शब्दावर बोट टेकवलं आणि त्या पोहे परतायला गेल्या.

"मीठ घातलंस का मास्तरीण, की आजही विसरलीस?" भिंतीवरच्या पेटीतून आवाज आला. बोलत होते जयसिंगराव, त्यांचे यजमान. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. ओठ त्यांचे हलत होते, पण घशातून येत होती ती नुसती घरघर. एके काळी सबंध शाळेला लेझीम खेळवणारा हा माणूस. पक्षाघातानं त्यांचा उजवा पाय अधू केला आणि वाचा पार नेली. गळ्याभोवतीचा पातळ पट्टा ती घरघर टिपायचा आणि कोपऱ्यातला जुना संगणक तिचे शब्द करून पेटीतून ऐकवायचा. त्या प्रोग्रॅमचं नाव 'बोलका'. तो काढणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती आणि नव्या संगणकांवर बोलका चालत नव्हता. तो जुना खोका गेला, तर जयसिंगरावांची वाचा दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या खेपेला कायमची.

एवढं सगळं ठाऊक असूनही प्रमिलाताई 'नंतर' का म्हणत? विरजण लागायला अर्धा तास लागे आणि तेवढा वेळ बोलका बंद ठेवावा लागे. त्या अर्ध्या तासात जयसिंगरावांच्या डोळ्यांत जी भीती दिसे ती त्यांना बघवत नसे. उद्या लावू, परवा लावू, असं करत महिने गेले. जन्मभर पोरांना 'आजचं काम उद्यावर टाकू नये' हे फळ्यावर लिहून देणारी ही बाई, पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

विरजण हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. कंपन्यांनी जुन्या संगणकांसाठी सुरक्षेचे अपडेट पाठवणं थांबवलं, तेव्हा पुण्याच्या काही संशोधकांनी एक शिकाऊ रखवालदार तयार केला. हा प्रोग्रॅम संगणकात राहायचा, त्याच्याच डोळ्या-कानांनी घराच्या सवयी बघायचा, रोजचं काय आणि परकं काय ते ओळखायचा आणि परक्याला दारातच अडवायचा. विचारलं तर तो उत्तर देई, पण त्याला हुकूम कळत नसे, फक्त सवय कळे. हुकूम कळला असता तर चोरानंही दिला असता. एका संगणकात शिकून तयार झालेला हा रखवालदार थोडासा काढून त्याच जातीच्या दुसऱ्या संगणकाला लावता येई. तो जाळ्यावरून पाठवायचा नाही, कारण वाटेत त्यात कोण काय मिसळेल याचा भरवसा नाही. छोट्या डबीत घ्यायचा आणि देणाऱ्यानं डबीवर बोट टेकवायचं. शेजारणीकडून चमचाभर आणावं तसंच ते होतं, आणि बरेच दिवस ताजं केलं नाही की आंबून निकामी व्हायचं, तेही तसंच.

बातमी आली ती दुपारी. 'टोळ' नावाचा घुसखोर प्रोग्रॅम साताऱ्यापर्यंत पोचला होता आणि जुने-नवे सगळे संगणक पार धुऊन काढत होता. प्रमिलाताईंनी धावत जाऊन विरजण लावायला घेतलं, तर पडद्यावर अक्षरं आली : विरजण आंबलं आहे, नवं आणा.

कराडच्या त्या शिक्षक वसाहतीत तसला संगणक आता आणखी एकाच घरी उरला होता, समोरच्या रत्नाक्का थोरातांकडे. पण त्या मलकापूरला बहिणीकडे गेलेल्या. त्यांची वाट बघत प्रमिलाताई दारात उभ्या राहिल्या. आक्का परतल्या, पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि मग हात जोडून संगणकाला म्हणाल्या, "आता काही बाहेर जायचं नाही बरं का." हा त्यांचा रोजचा पाठ होता.

प्रमिलाताईंनी डबी पुढे केली. आक्का दोन पावलं मागे सरल्या.

"अगं, दिवा लागला की आता. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देतं का कुणी?"

"आक्का, ते दह्याचं विरजण असतं हो! हा संगणक आहे."

"घर राखणारं आहे ना? मग दिवा लागल्यावर ते उचलून तुझ्या हातावर ठेवायचं, म्हणजे लक्ष्मीलाच बाहेर काढायचं. रागावू नकोस, प्रमिला. उजाडलं की पहिलं तुझ्या घरी."

प्रमिलाताई संतापल्या, गयावया करून बघितलं, पण आक्का हलल्या नाहीत. आता जाळं विजेच्याच तारेतून घराघरात येत असल्यामुळे ते तेवढं तोडता येत नव्हतं. संगणकच बंद करावा लागला. ती रात्र जयसिंगरावांनी गप्प काढली. सकाळी मात्र आक्का बोलल्याप्रमाणे डबी घेऊन आल्या, विरजण लागलं, आणि पेटी बोलली, "आक्का, चहा घेऊन जा. मास्तरणीनं रात्रभर तुम्हाला शिव्या घातल्यात." प्रमिलाताईंना हसावं की रडावं कळेना.

टोळ वसाहतीत आला, चार नवे संगणक खाऊन गेला, पण डुबलांच्या खोक्याला त्यानं हात लावला नाही.

गंमत सुरू झाली ती संध्याकाळी. दिवेलागण झाली आणि जयसिंगराव वाक्याच्या मध्येच थांबले. ओठ हलत होते, पट्ट्यावरचा दिवा लुकलुकत होता, पेटी मात्र मुकी. सकाळी आवाज आपोआप परत आला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. प्रमिलाताईंनी तारा हलवून बघितल्या, पट्टा पुसला. तिसऱ्या संध्याकाळी त्या देवापाशी वात लावत होत्या आणि मागच्या अंगणात जयसिंगराव काठी निसटून पडले. ते हाका मारत राहिले. उदबत्ती लावून, तुळशीला दिवा ठेवायला प्रमिलाताई मागे आल्या तेव्हा कुठे त्यांना ते दिसले, मातीत आडवे, ओठ हलताहेत आणि घरातली पेटी चिडीचूप.

त्यांना खुर्चीत बसवून, कोपर पुसून त्या संगणकापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात विचारत तशा आवाजात त्यांनी विचारलं, "बोलका का बंद केलास?"

पडद्यावर रखवालदाराचं उत्तर उमटलं : दिवा लागल्यावर बाहेर काही जायचं नाही. ही या घराची रीत आहे.

"कुणी सांगितलं तुला?"

विरजणाबरोबर आली.

प्रमिलाताईंच्या आता सारं ध्यानात आलं. रखवालदाराचं घर म्हणजे तो खोका, आणि खोक्यातून पेटीकडे निघालेला प्रत्येक शब्द म्हणजे घराबाहेर चाललेली वस्तू. आक्कांनी वर्षानुवर्षं रोज म्हटलेला पाठ त्यानं सुरक्षेचा नियम म्हणून गिरवला होता. आणि त्याच्या लेखी तो चुकत कुठे होता? त्याला काढून टाकावं तर टोळ अजून गावातच होता. हुकूम तर त्याला कळतच नव्हता. दिवा लागल्यावर या घरातून काहीतरी बाहेर जातं आणि तरी वाईट होत नाही, हे त्याला रोज दाखवावं लागणार होतं. मालकानं बोट टेकवून काढलेलं विरजण तेवढं त्याला अडवता येत नसे.

सकाळी त्यांनी आक्कांना बोलावून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज तिन्हीसांजेला यायचं आणि आमच्याकडून विरजण न्यायचं."

आक्कांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं पडले का गं ते?" मग म्हणाल्या, "पण तुझ्या घरची लक्ष्मी मी ऐन दिवेलागणीला कशी उचलून नेऊ? माझ्या हातून व्हायचं नाही ते."

"आक्का," पेटीतून आवाज आला. जयसिंगराव खुर्चीत पुढे झुकले होते. "माझी लक्ष्मी म्हणजे ही वाचा. ती घरातच कोंडून पडलीय. तुम्हीच काढा तिला बाहेर."

आक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि संध्याकाळी त्या डबी घेऊन आल्या. प्रमिलाताईंनी दिवा लावला, डबीवर बोट टेकवलं. आक्कांनी पुटपुटत देवाची माफी मागितली आणि विरजण नेलं. पेटी गप्पच राहिली. दुसऱ्या दिवशीही गप्प. पण आक्का येत राहिल्या. आणि एका संध्याकाळी, डबी अजून त्यांच्या हातात होती तेवढ्यात, भिंतीवरून आवाज आला, "मास्तरीण, वात जरा मोठी कर. आक्कांचा चेहरा दिसेना." प्रमिलाताई त्या खुर्चीच्या दांड्याला धरून लहान पोरीसारख्या रडल्या.

त्यानंतर आक्का आठवडाभर फिरकल्या नाहीत. आल्या त्या भर तिन्हीसांजेला, डबी न घेता, धापा टाकत.

"प्रमिला, आणलेलं विरजण टाकू नये म्हणून मी रोज ते माझ्या संगणकाला लावत गेले. आता मी दिवा लावते, हात जोडते, 'बाहेर काही जायचं नाही' म्हणते, तर तो ऐकतच नाही."

"मग करतो काय?"

आक्कांचा मुलगा विश्वजित कॅनडात असे. तिकडे उजाडायचं तेव्हा इकडे दिवे लागायचे, आणि तो उठून आईच्या संगणकावर फोन करी, तेव्हा दिवा लागलेला म्हणून तिचं दार बंद असे. मग त्यानं फोन करणंच सोडलं होतं.

"तो मला विचारतो," आक्का म्हणाल्या, "'या वेळी घरातून बोलायची रीत आहे. विश्वजितला फोन लावू का?'"

अंगणातला दिवा वाऱ्यानं हलला. आक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या, एक पाय आत आणि एक बाहेर.

"तुझ्या घरची रीत शिकून आलाय तो," त्या हळूच म्हणाल्या. "काय सांगू गं त्याला, 'नंतर' म्हणू?"