एक मोल मीठ आणि वरची चिमूट

इलारिया रोज वरच्या वळणावरूनच हाक मारायची. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे उतरत गेलेले मिठाचे वाफे, आणि त्यातल्या कुठल्यातरी वाफ्यात वाकलेला तिचा भाऊ. खाली उतरून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा ओरडणं सोपं होतं. त्या दिवशी ती ओरडली नाही. सगळी पायवाट उतरून आली, वाफ्याच्या कडेला उभी राहिली आणि डोक्यावरची टोपी काढून तिने हातात धरली.

फाउस्तिनो चोपण्याने मिठाची साय फोडत होता. तो थांबला.

"कुस्कोच्या इस्पितळातून फोन आला?"

"आला, दादा."

"ग्रासिएला...?"

इलारियाने नकारार्थी मान हलवली.

फोडलेलं मीठ त्याने कडेला ओढून घेतलं. तसंच सोडलं असतं तर पुन्हा पाण्यात विरघळलं असतं. मग तो बांधावर बसला आणि बोटांना लागलेलं मीठ चोळत राहिला. याच बांधावर ती पहिल्यांदा येऊन उभी राहिली होती.

तेव्हा तो तरुण होता आणि दिवस मार्चचे होते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पांढऱ्या वाफ्यांवर ऊन एवढं चमकत होतं, की आधी त्याला फक्त आवाज ऐकू आला.

"अहो मीठवाले! मीठ मिळेल का?"

"मिळेल की. किती पोती?"

"साडेअठ्ठावन्न ग्रॅम."

तो कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. समोर एक मुलगी होती. डोंगरातल्या उन्हाने तिचं नाक सोललं होतं आणि हातातल्या पिशवीत पितळी तराजू होता.

"बाई, एवढं तर माझ्या नखांत निघेल."

"मग नखांतलं द्या. पण धुऊन!"

ती गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला आली होती, लिमाहून, एका वर्षाच्या करारावर. सपाट दगडावर तिने तराजू मांडला आणि एकेक खडा टाकत पारडी बरोबर केली. खडा टाकताना ती श्वास रोखून धरायची. फाउस्तिनोनेही रोखला, का ते त्याला कळलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "एक मोल."

"मोल म्हणजे?"

"डझन म्हणजे बारा ना? तसं मोल म्हणजे... सहा लिहा आणि पुढे तेवीस शून्यं द्या. अणू इतके बारीक असतात, की डझनाने मोजून भागतच नाही. तेवीस ग्रॅम सोडियम घेतलं की त्यात एवढे अणू. साडेपस्तीस ग्रॅम क्लोरीन घेतलं की त्यातही तेवढेच. दोन्हींची बेरीज करा."

त्याने बेरीज केली नाही. तो तिच्या सोललेल्या नाकाकडे बघत होता. मग सवयीने त्याने चिमूटभर मीठ उचललं आणि पारड्यात टाकलं.

"अहो! हे काय केलंत?"

"यापा घातला."

"यापा? मापावरचा? तो बटाट्यांवर घालतात, मोलवर नाही!"

"आमच्या गावात मिठावर घालावाच लागतो, बाई. नेमकं मोजून दिलं तर त्याचा अर्थ होतो, आपला संबंध संपला, पुन्हा येऊ नका."

"पण मला नेमकंच हवंय!"

"आणि मला तसा निरोप द्यायचा नाहीये," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पुन्हा वाफ्यात वाकला.

पुढच्या शनिवारी ती परत आली. तक्रार होती. मुलांनी वजन केलं, बाटलीवरची चिठ्ठी एक सांगते आणि तराजू दुसरंच. त्याने पुन्हा मोजून दिलं आणि पुन्हा यापा घातला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तक्रार. येताना ती भाजलेला मका आणायची, तो उकडलेले बटाटे काढून ठेवायचा. तक्रार अगदी शेवटी, निघताना आठवायची.

"शाळेत नुसतं मीठच खातात वाटतं," इलारिया म्हणायची. "दर शनिवारी संपतं ते!"

एकदा ऊन उतरताना, वाफ्यातलं पाणी गुलाबी झालेलं असताना, ग्रासिएलाने ओल्या मिठावर बोटाने एक ठिपका काढला आणि त्याभोवती गोल.

"हा ठिपका म्हणजे अणूचं केंद्र. भोवतीच्या थरांत इलेक्ट्रॉन. हा सोडियम. बाहेरच्या थरात बघा, एकटाच एक बसलाय. आणि हा क्लोरीन. याच्या बाहेरच्या थरात सात आहेत, आठव्याची वाट बघतोय."

"मग?"

"सोडियम आपला एक देऊन टाकतो. आणि मग दोघं एकमेकांना धरून बसतात. सुटे असले तर एक पाण्यात पेट घेतो, दुसऱ्याचा वायू विषारी. एकत्र आले की सूपमध्ये घालता येतात."

फाउस्तिनोने एका गोलाकडून दुसऱ्याकडे बोट फिरवलं.

"म्हणजे सोडियमने यापा घातला."

ती इतक्या जोरात हसली, की खालच्या वाफ्यातल्या बाईने वर बघितलं.

"हे मी सोमवारी वर्गात सांगणार!"

"माझं नाव घेऊन?"

"सोडियमचं नाव घेऊन," ती म्हणाली. पण बघत त्याच्याकडे होती...

डिसेंबर आला. करारावरचे शिक्षक डिसेंबरात जात आणि परत येत नसत. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, फाउस्तिनोलाही. शेवटच्या शनिवारी तिने मका आणला नव्हता.

"शेवटचं द्या," ती म्हणाली. "नेमकं."

तिला जायचं आहे तर आपण अडवणारे कोण, असं त्याला वाटलं. त्याने एकेक खडा टाकून पारडी बरोबर केली, मीठ कागदात घेतलं आणि पुढे धरलं. चिमूट उचलली नाही.

ग्रासिएलाने कागद घेतला नाही.

"यापा?"

"तुम्हालाच नेमकं हवं होतं, बाई."

"म्हणजे... पुन्हा येऊ नको?"

"तुम्ही लिमाला चाललात."

"आईला भेटायला चाललेय. पुढच्या वर्षासाठी मी हीच शाळा मागितलीय. कार्यालयातल्या माणसाला खरं वाटेना. बाई, नक्की ना, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता." तिने ओंजळ पुढे केली. "आता घालता, की मी जाऊ?"

त्याने कागदातलं मीठ तिच्या ओंजळीत ओतलं आणि वर मूठ भरून घातलं.

"अहो, पुरे! सांडतंय!"

"सांडू दे." मग तो अडखळला. "एक विचारू? वर्षभर... जास्तीचं मीठ तुम्हाला चमच्याने काढता आलं नसतं?"

"आलं असतं की."

"मग?"

"वेडा आहेस," ती म्हणाली. त्याला ती पहिल्यांदाच 'अहो' सोडून बोलली होती.

लग्न पुढच्या मीठ-हंगामात झालं. त्या ओंजळीतलं मीठ तिने बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवलं. बाटलीवर लिहिलं, 'एक मोल'. दर मार्चला ती नव्या वर्गाला त्या मिठाचं वजन करायला लावायची.

"बाई, चूक आहे! जास्त भरतंय!"

"कुणी घातलं असेल?"

"तुमच्या नवऱ्याने!" खिडकीतून मोठ्या वर्गाची मुलं ओरडायची.

घरी येऊन ती हे त्याला दर वर्षी नव्याने सांगायची आणि तो दर वर्षी लाजायचा. "निवृत्त होईन ना, त्या दिवशी जास्तीचं काढू," ती म्हणायची. "त्याचं सूप करू. शाळेला नेमका मोल देऊन जाऊ. पण काढायचं तूच. मी नाही हात लावणार."

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचे कपडे ओढ्यावर धुऊन झाले. त्यानंतर शाळेत तिच्या जागी शिकवायला आलेली मुलगी घरी आली. अगदी तरुण. नाक सोललेलं. तिने बाटली टेबलावर ठेवली.

"काका, हिचं वजन जुळत नाही. मी चमचा घेतला तर मुलं ओरडली, ते फक्त काकांनीच काढायचं, बाईंनी सांगितलंय."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "ठेवून जा."

संध्याकाळी इलारियाने चुलीवर सूप ठेवलं. "दादा, काढतोस का? उकळी आलीय."

त्याने झाकण उघडलं. चमचा हातात घेतला. मग त्याने झाकण लावलं, आणि इलारियाने डब्यातलं मीठ घातलं.

बाटली आता खिडकीत आहे. जास्तीचं मीठ काढायचं राहिलं आहे.